सेफ्टी रेझर: रोजच्या घाईत, आठ मिनिटांत बसतो का?

वर टोपी, खाली पट्टी, मध्ये दोन्हीकडे धार असलेलं पातं आणि एक दांडा. आजोबांच्या दाढीच्या डब्यात असायचा, तोच हा रेझर. किंग जिलेटला याचं अमेरिकन पेटंट १९०४ साली मिळालं आणि मूळ कल्पना तेव्हापासून फारशी हललेली नाही. मधली काही वर्षं प्लास्टिकच्या कार्ट्रिजनी, म्हणजे पात्यांसकट अख्खं डोकं बदलायच्या रेझरनी, त्याला मागे ढकललं होतं. आता तो ऑनलाइन दुकानांतून परत आलाय, पण चकचकीत खोक्यात, लाकडी वाडगा आणि सुगंधी साबणासोबत. त्यामुळे लोकांचा समज असा झालाय की हा रविवारच्या निवांत दाढीचा शौक आहे, लोकल पकडणाऱ्यांचं काम नव्हे.

समज अर्धा खरा आहे. पहिले दोन आठवडे हा रेझर वेळ खातो. हात बसला की सहा दिवसांच्या नोकरीत तो कार्ट्रिजपेक्षा कमी त्रास देतो. मुख्य कारण म्हणजे तो तुंबत नाही.

आधी वेळेचा हिशोब मांडू. दाढीला वेळ लागतो असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्ष पातं चालतं ते चारेक मिनिटं. बाकीचा वेळ खुंट भिजवण्यात, फेस करण्यात आणि मग कापलंय तिथे कापूस दाबून उभं राहण्यात जातो. कोरडा खुंट चिवट असतो. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजला की मऊ पडतो आणि पात्याला जोर लागत नाही. म्हणून दाढी अंघोळीनंतर लगेच करायची, आधी नाही. भिजवण्याची ती तीन मिनिटं अंघोळीतच फुकट मिळतात. तोंड पुसायचं नाही, ओल्या गालावरच क्रीम लावायचं. मग फेसाला एक मिनिट, पहिल्या हाताला (म्हणजे चेहऱ्यावरून रेझरची एक पूर्ण फेरी) दोन, परत फेस आणि दुसऱ्या हाताला दोन, धुणं-तुरटी-आवराआवर दोन. झाली सात-आठ मिनिटं. उशीर झालाच असेल तर दुसरा हात सोडून द्या. पाचेक मिनिटांत ऑफिसला शोभेल अशी दाढी होते. एका हातात गुळगुळीत करायला जाऊ नये. बहुतेक जखमा त्याच हट्टातून होतात.

रेझर विकत घेताना तीन गोष्टी बघा. बाजारात मुख्यतः दोन घडणी मिळतात: तीन तुकड्यांचा, म्हणजे टोपी, पट्टी, दांडा सुटे, आणि दांड्याचं बूड फिरवलं की दाराच्या झडपांसारखा उघडणारा. झडपवाला पातं बदलायला सोपा, पण त्याच्या सांध्यात साबण साचतो आणि कठीण पाण्याच्या भागात वर्षभरात तो जड फिरायला लागतो. रोजच्या वापराला तीन तुकड्यांचाच घ्यावा. दुसरी गोष्ट धातू. तीनशे ते हजारच्या पट्ट्यातले बरेचसे रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, वर क्रोमचा मुलामा. चालतात उत्तम; मात्र फरशीवर पडले की टोपीचा आट्यांचा खिळा मोडतो आणि तो जोडता येत नाही. आटे जीव खाऊन आवळल्यानेही तेच होतं. बोटांनी घट्ट वाटलं की थांबायचं. पितळी किंवा स्टीलचा महाग पडतो, पण पुढच्या पिढीला देता येतो. तिसरी गोष्ट, नवशिक्याने पट्टी सरळ कडेची घ्यावी. उघड्या दातांची पट्टी सहसा जास्त आक्रमक असते आणि घाईत ती कुणालाच नको.

पातं बसवताना लांब, धारेच्या कडांना हात लावायचा नाही. दोन्ही टोकांच्या बोथट आखूड कडांनी धरायचं. टोपी उलटी तळहातावर, तिच्या खिळ्यांवर पातं, वर पट्टी, मग दांडा फिरवायचा. आवळल्यावर रेझर डोळ्यांसमोर आडवा धरा आणि दोन्ही बाजूंना पातं सारखं डोकावतंय का ते बघा. एका बाजूला जास्त बाहेर असेल तर ती बाजू ओरबाडते, दुसरी नुसती घासते, आणि आपण मात्र पात्याच्या कंपनीला शिव्या देत बसतो. सैल करा, टोपी-पट्टी बोटांनी दाबून धरा, पुन्हा आवळा. पाच सेकंदांचं काम.

आता हाताचं. कार्ट्रिजची मान हलते, म्हणून आपल्याला दाबायची सवय लागलेली असते. इथे मान हलत नाही. कोन आपण सांभाळायचा. टोपीचा माथा गालाला टेकवा, दांडा गालापासून सरळ बाहेर. मग दांडा हळूहळू खाली आणा. पातं ज्या क्षणी खुंटाला लागतं तिथे साधारण तीस अंशांचा कोन झालेला असतो, आणि बारीक कर्र-कर्र आवाज येतो. तो आवाज येतोय तोवर कोन बरोबर. आवाज बंद झाला तर टोपीवर घसरताय, खरवडल्यासारखा झाला तर पातं जास्त उभं झालंय. दाब शून्य. रेझरच्या डोक्याचं वजनच पुरेसं असतं, म्हणून तर धातूचा जड रेझर घ्यायचा. हात लांब मारायचा नाही, दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे हात, आणि मोकळ्या हाताने कातडी ताणलेली.

पहिला हात केस वाढतात त्या दिशेने, सुलटा. दुसरा आडवा. उलटा हात रोज मारू नये; सलूनमध्ये तो मारतात म्हणून घरी मारला की मानेवर दोन दिवसांनी लाल पुरळ उठतं आणि केस कातडीखालीच वळतात. कुरळ्या केसांना हा त्रास जास्त. गालावर केस खाली वाढतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. मानेवर ते आडवे, कधी चक्क वर वाढतात, आणि डावी-उजवी बाजू एकसारखी नसते. दाढी दोन दिवसांची असताना मानेवरून चारी दिशांनी बोट फिरवा. ज्या दिशेने खरखरत नाही, ती सुलटी. हे एकदाच बघून ठेवायचं, जन्मभर उपयोगी पडतं. कंठमण्यावर कातडी बाजूला सरकवून हात मारा, थेट उंचवट्यावर नको. ओठाच्या वर आणि हनुवटीच्या टोकाला फेस सगळ्यात जास्त वेळ राहू द्या, म्हणजे ती जागा शेवटी घ्या. तिथले खुंट सर्वांत जाड.

आता फेसाबद्दल, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे आहे आणि दोष जातो रेझरला. ट्यूबमधलं क्रीम बदामाएवढं पुरतं, फार तर एक ग्रॅम. सत्तर ग्रॅमची ट्यूब रोजच्या वापराला दोन महिने सहज जायला हवी. तीन आठवड्यांत संपत असेल तर क्रीम जास्त आणि पाणी कमी चाललंय. ब्रश ओला करून दोनदा झटकायचा, क्रीम थेट गालावर, मग गोल-गोल. फेस कोरडा, पेस्टसारखा वाटला तर ब्रशचं टोक पाण्यात बुडवून चार-पाच थेंब द्या. दह्यासारखा चकाकला की झाला. मोठमोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालंय, आणि असा फेस अर्ध्या मिनिटात गालावरच मरतो. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यावर राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे: कठीण पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी जुळून चोथा बनवतं आणि फेस उभाच राहत नाही. क्रीम बदलून उपयोग नाही. आरओ फिल्टरचं अर्धा कप पाणी घ्या, गरम करा, फेसाला तेवढंच वापरा. फरक पहिल्याच दिवशी दिसेल. ब्रश कृत्रिम केसांचा घ्या. तो लवकर वाळतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या ओल्या ब्रशला आठवड्यात कुबट वास येतो. केस खाली करून, उघड्यावर टांगायचा.

तुंबण्याचा मुद्दा आता. जिलेट कंपनीने भारतासाठी काढलेल्या व्हेक्टर या कार्ट्रिज रेझरची चाचणी अमेरिकेत एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली होती. त्यांच्याकडे धो-धो वाहणारा नळ. इथे लाखो लोक कपभर पाण्यात दाढी करतात, त्यामुळे केस अडकायला लागले. मग इथल्या घरांत जाऊन, लोक दाढी कशी करतात ते बघून २०१० मध्ये जिलेट गार्ड आला: एकच पातं, धुवायला सोपा, रेझर तेव्हा पंधरा रुपयांना आणि कार्ट्रिज पाचला. कंपनीलाही शेवटी एकाच पात्याशी यावं लागलं, यातच सगळं आलं. तीन-चार पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये तीन दिवसांची दाढी हमखास अडकते. सेफ्टी रेझरमध्ये अडकायला जागाच नाही. मगात दोनदा हलवला की साफ. फारच साचलं तर दांडा अर्धा वळसा सैल करा, पाण्यात हलवा, परत आवळा. धार टॉवेलला पुसू नका. धारही जाते आणि टॉवेलही.

खर्चात तुलनाच नाही. देशी स्टेनलेस पातं साधारण दोन ते चार रुपयांना पडतं, चार-सहा दाढ्या चालतं. दाढ्या मोजत बसू नका, दर सोमवारी पातं बदला. वर्षाला ५२ पाती, म्हणजे शंभर-दोनशे रुपये. इतक्यात अनेक पात्यांची एक-दोन कार्ट्रिजं येतात. जपानी फेदर पाती महाग आणि फार धारदार. हात बसण्याआधी त्यांच्या वाटेला जाऊ नये. सुरुवातीला दोन-तीन ब्रँडची एकेक पुडी आणून आलटून-पालटून वापरा, कारण एकाला लोण्यासारखं जाणारं पातं दुसऱ्याला ओढतं. सलूनमधला कारागीरही हेच पातं मधून मोडून अर्धं वस्तऱ्यात घालतो.

दाढीनंतर तुरटी. किराणा दुकानात दहा-वीस रुपयांना खडा मिळतो, पण त्याच्या कडा धारदार असतात आणि त्यांनीच ओरखडे उठतात. ओल्या फरशीच्या तुकड्यावर मिनिटभर घासून कडा गोल करून घ्या. तोंड गार पाण्याने धुऊन ओला खडा फिरवा, अर्धा मिनिट थांबा, धुवा. जिथे जास्त झोंबतं तिथे आज दाब पडलाय. इतका प्रामाणिक शिक्षक फुकटात मिळत नाही. खडा कोरड्या वाटीत ठेवा, नाहीतर महिन्याभरात विरघळून जातो. नंतर साधं मॉइश्चरायझर पुरे. अल्कोहोलवालं आफ्टरशेव्ह कोरड्या कातडीला नकोच.

रविवारची पाच मिनिटं मात्र द्यावीच लागतात. रेझर सुटा करा, जुन्या टूथब्रशला भांड्याचा साबण लावून घासा, कोरडा करा. पांढरा क्षार जमला असेल तर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने पुसून लगेच धुवा. रात्रभर भिजत ठेवाल तर क्रोमचा मुलामा उडेल आणि खालचं जस्त काळं पडेल.

कुणी घेऊ नये? हात थरथरत असेल, किंवा मानेवर पुरळ, फोड चालू असतील त्यांनी. आणि ज्यांच्याकडे सकाळी खरोखरच तीन मिनिटं आहेत, त्यांनी ट्रिमर वापरावा. कंगवा न लावता तो साधारण अर्धा मिलिमीटर खुंट ठेवतो. ऑफिसला आजकाल चालतो तो. श्रावण पाळणाऱ्यांना तर दोन्ही लागतात: महिन्याभराची दाढी गणपतीच्या आधी थेट रेझरने काढायला गेलात तर पातं ओढणार. आधी ट्रिमरने खुंटावर आणा, मग भिजवा, मग रेझर. विमानाने जाणार असाल तर सुटी पाती केबिन बॅगेत चालत नाहीत; दोन दिवसांच्या दौऱ्याला मुकाट्याने कार्ट्रिज न्यावं.

आणि जुनी पाती ओल्या-सुक्या कुठल्याच कचऱ्यात नुसती टाकू नयेत, पिशवी उचलणाऱ्याचा हात फाटतो. एखादा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला सुरीने बारीक फट पाडा, सोमवारचं पातं फटीतून आत. वर्षाला ५२च्या हिशोबाने छोटासा डबाही अनेक वर्षं भरत नाही. भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर मोठ्या अक्षरात ‘ब्लेड’ लिहून कचरा घेणाऱ्याच्या हातात वेगळा द्या, किंवा भंगारवाल्याला आत काय आहे ते सांगून.