काका, इलेक्ट्रिकला असंच असतं

आधीच सांगतो, इलेक्ट्रिक गाडी घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. आमची अकरा वर्षांची डिझेल गाडी खंबाटकी चढताना धूर सोडायला लागली होती. लेक पुण्यात, महिन्याला साताऱ्याहून चार फेऱ्या ठरलेल्या. घराला स्वतःचं पार्किंग आहे, तिथेच पंधरा अँपियरचा पॉइंट. हिशेब सरळ होता. गाडीच्या बाबतीत मी चुकलो नाही, चुकलो ते विकणाऱ्याच्या बाबतीत. आणि तेही का, तर मी डिझेलचा माणूस. तीस वर्षं शोरूममध्ये जाऊन दोनच प्रश्न विचारत आलो: ॲव्हरेज किती देते आणि रीसेलला कशी आहे? इलेक्ट्रिक गाडीला काय विचारायचं हे मला माहीत नव्हतं आणि मला ते माहीत नाही, हे गाडी विकणाऱ्या पोराला पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

२०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. आम्ही पुण्यातल्या एका शोरूममध्ये गेलो ते त्याच्या आठ दिवस आधी. त्या दिवसांत पेपर जीएसटी कपातीच्या जाहिरातींनी भरलेले. पोरगा म्हणाला, “काका, जीएसटी कमी झालाय, त्याचे चाळीस हजार तुम्हाला सूट.” मी खूश. घरी फोन करून सांगितलंसुद्धा. आता ऐका: २२ सप्टेंबरपासून कर कमी झाला तो पेट्रोल-डिझेल गाड्यांवरचा. इलेक्ट्रिक गाडीवर ऑगस्ट २०१९ पासून पाचच टक्के जीएसटी आहे आणि तेव्हाही पाचच राहिला. मग ती सूट कसली होती? ते मला महिनाभराने समजलं.

दुसरी थाप टोलची. “इलेक्ट्रिकला महाराष्ट्रात टोल माफ.” राज्य सरकारने माफी दिली आहे ती अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर. आमचा पुणे-सातारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग. पहिल्याच दिवशी खेड शिवापूरला फास्टॅगमधून पैसे गेले, पुढे आनेवाडीलाही गेले. बायको म्हणाली, “माफ होता ना?” मी म्हटलं, यंत्रणेत अजून नोंद झाली नसेल. बघा, खोटं त्याचं आणि खुलासे मी करत होतो.

विम्याचं थोडक्यात सांगतो. “बाहेरून विमा घेतला तर बॅटरीची वॉरंटी जाईल,” असं म्हणून त्यांनी स्वतःचीच पॉलिसी गळ्यात मारली. असा कोणताही नियम नाही. विमा कुणाकडूनही घेता येतो, आणि इलेक्ट्रिक गाडीला थर्ड पार्टी हप्त्यात १५ टक्के सवलतही आहे. नंतर विम्यात तीच कव्हरं धरून बाहेर विचारलं तर बावीस हजारांचा फरक निघाला. ‘हँडलिंग’ नावाचे साडेबारा हजार मात्र मी पावती मागितल्यावर बिलातून गळाले. तेवढंच काय ते माझं शहाणपण.

दसऱ्याला डिलिव्हरी. दहा-बारा गाड्या ओळीने, सगळ्यांवर लाल कापड, झेंडूच्या माळा, फोटोवाला, पेढे. एका कुटुंबाला वीस मिनिटं. त्या गर्दीत कुणी गाडीखाली वाकून बघतं का? मुहूर्त एवढ्यासाठीच असतो की काय, अशी मला आता शंका येते. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात रेंज, म्हणजे आहे त्या चार्जिंगवर गाडी किती जाईल ते, दिसत होती, पळालेले किलोमीटर कुठे असतात ते मला सापडलं नाही. निघालो.

घरी आल्यावर पाहिलं, ओडोमीटर ४९८. शोरूम ते घर एकशेदहा-पंधरा किलोमीटर. म्हणजे हातात आली तेव्हाच गाडी पावणेचारशे-चारशे पळालेली. फोन केला. “काका, बॅटरी कॅलिब्रेट करायला चालवावी लागते. इलेक्ट्रिकला असंच असतं.”

नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते समोरच्या चाकांवर नव्हतेच. “टॉर्क जास्त असतो ना काका, केस लगेच जातात. इलेक्ट्रिकला असंच असतं.” चार्जिंगच्या तोंडाशी बारीक ओरखडे. “फॅक्टरीत टेस्टिंगला गन लावतात, इलेक्ट्रिकला असंच असतं.” आणि मी दर वेळी ‘बरं’ म्हणत होतो. डिझेल गाडीत असं काही दिसलं असतं तर मी शोरूम डोक्यावर घेतलं असतं.

मग दिवाळीत भाचा आला. गाणी लावायला म्हणून त्याने आपला फोन जोडायला घेतला आणि म्हणाला, “मामा, ह्यात आधीच सात फोन आहेत.” आम्ही यादी बघितली. दोन-तीन कंपन्यांचे मोबाइल, एक ‘पप्पा का फोन’, आणि सगळ्यात वर ‘सेल्स टॅब ३’. आमच्या घरात टॅब नाही आणि ‘पप्पा का फोन’ म्हणेल असंही कुणी नाही. बायकोला हसू आवरेना. मला घाम फुटला.

त्याच संध्याकाळी भाच्याने टॉर्च घेऊन टायर दाखवले. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आमच्या चारही टायरवर २०२४ च्या ४२ व्या आठवड्याचा शिक्का. टायर जुना, गाडी नवी असं काही महिन्यांनी होऊ शकतं, म्हणून आम्ही चॅसिस नंबर काढला. बहुतेक कंपन्यांत त्यातलं दहावं अक्षर वर्ष सांगतं: ‘आर’ म्हणजे २०२४, ‘एस’ म्हणजे २०२५. आमचा ‘आर’. चार दिवसांनी पोस्टाने आरसी आली. उत्पादनाचा महिना: नोव्हेंबर २०२४. बिलावर, कोटेशनवर, बुकिंगच्या कागदावर हा महिना कुठेच नव्हता.

तरी मनात होतं की यार्डात पडून राहिली असेल, एवढंच. खरा प्रकार कळला तो दुसऱ्याच गावच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये. मी तिथे काही न सांगता नुसती तपासणीला गाडी नेली. काउंटरवरच्या मुलाने चॅसिस नंबर टाकला आणि सहज म्हणाला, “काका, बारा व्होल्टची बॅटरी मार्चमध्ये बदललीय, आता काय प्रॉब्लेम?” मार्चमध्ये! गाडी माझ्याकडे ऑक्टोबरमध्ये आली. इलेक्ट्रिक गाडीतही मोठ्या बॅटरीशिवाय एक साधी बारा व्होल्टची असते, दरवाजे-दिवे-संगणक तिच्यावर चालतात आणि गाडी महिनोन्‌महिने नुसती उभी ठेवली की आधी तीच मरते. त्या नोंदीचा कागद मी मागून घेतला. त्यावर गाडीचा उल्लेख ‘डिस्प्ले / टेस्ट ड्राइव्ह’ असा होता.

म्हणजे अकरा महिन्यांची, लोकांनी पळवून पाहिलेली गाडी मला नवी म्हणून विकली होती. ‘जीएसटीची सूट’ ती हीच. कोल्हापूरच्या एका शोरूममध्ये ओळखीच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, मागच्या वर्षीचा स्टॉक आम्ही सांगूनच विकतो आणि दीड लाख सोडतो.

यात बॅटरीचं काय गेलं? खरं सांगायचं तर फार नाही. लिथियमची बॅटरी नुसती उभी राहूनही म्हातारी होते, त्यात उन्हात आणि शंभर टक्के भरून ठेवली तर लवकर. शोरूमची गाडी नेमकी तशीच ठेवतात, कारण कोण कधी चक्कर मागेल सांगता येत नाही. माझ्या बॅटरीच्या तब्येतीचा लेखी अहवाल तीनदा मागितल्यावर मिळाला: ९६ टक्के. गाडी साताऱ्याहून पुण्याला जाऊन चार्ज न करता परत येते. पण ते चार टक्के माझ्याआधी कुणीतरी वापरले आणि पैसे मी भरले. शिवाय काही कंपन्या जास्तीची बॅटरी वॉरंटी फक्त पहिल्या मालकाला देतात. गाडी आधी शोरूमच्या नावावर नोंदलेली असती तर तीही गेली असती. माझ्या बाबतीत ट्रेड सर्टिफिकेटच्या पाटीवरच, म्हणजे नोंदणी न झालेल्या गाड्यांसाठी डीलरला मिळते त्या तात्पुरत्या नंबरवर, फिरवली म्हणून वाचलो.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा पूर्ण पैसे भरायच्या आधी, आरटीओची नोंदणी व्हायच्या आधी, चॅसिस नंबर लेखी मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली की तिथेच उठा. तो नंबर घेऊन दुसऱ्या सर्व्हिस सेंटरला जा आणि गाडीची नोंद बघा. पाच मिनिटांचं काम आहे. यार्डात, उजेडात, कापडाशिवाय गाडी बघा. ब्लूटूथची यादी उघडा. कुणी “इलेक्ट्रिकला असंच असतं” म्हणालं तर म्हणा, हेच लिहून द्या.

माझं पुढे असं झालं: शोरूमला आणि कंपनीला ईमेल, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. त्यानंतर मॅनेजरचा फोन आला, आवाज एकदम मऊ. सीट कव्हर, मॅट आणि दोन सर्व्हिसिंग फुकट. मी विचारलं, गाडी टेस्ट ड्राइव्हची होती एवढं पत्रावर द्याल का? फोन कट. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही दावा लावता येतो, त्यामुळे पुण्याला खेपा घालायची गरज नाही. साताऱ्याच्या ग्राहक आयोगात कागद दिले आहेत.

भाचा म्हणतो, मामा, ते सात फोन डिलीट करा, ब्लूटूथ लागायला वेळ लागतो. लागू दे. पुढच्या तारखेला ती यादी मला लागणार आहे. तोवर गाडी सुरू केली की ती आधी ‘सेल्स टॅब ३’ शोधते आणि मग माझा फोन.