आधी 'द ड्रीमिंग' की आधी 'हाउंड्स ऑफ लव्ह'?

'रनिंग अप दॅट हिल' ऐकलं, डोक्यातून जाईना, आता केट बुश ही ब्रिटिश गायिका नीट ऐकायची आहे, असं म्हणणारे २०२२ पासून बरेच भेटतात. 'स्ट्रेंजर थिंग्ज' या अमेरिकी मालिकेच्या चौथ्या सीझनमध्ये ते गाणं वाजलं आणि ही करामत झाली. १९८५ साली ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर थांबलेलं गाणं ३७ वर्षांनी पहिल्यावर गेलं, आणि अमेरिकेत तेव्हा तिसाव्या क्रमांकावर राहिलेलं तिसऱ्यावर आलं. पुढे काय ऐकायचं याचं सरळ उत्तर म्हणजे ते गाणं ज्यात आहे तो 'हाउंड्स ऑफ लव्ह', सप्टेंबर १९८५. पण एखाद्या मुरलेल्या चाहत्याला विचाराल, तर तो हटकून सांगेल की खरी चीज त्याच्या आधीची. म्हणजे 'द ड्रीमिंग', सप्टेंबर १९८२. मध्ये तीन वर्षं. दोन्ही अल्बम तिनेच लिहिले, तिनेच गायले, तिनेच प्रोड्यूस केले.

माझा कौल आधीच देऊन टाकतो: बहुतेकांनी 'हाउंड्स'पासून सुरू करावं. मात्र त्यासाठी नेहमी दिलं जाणारं कारण, की तो सोपा आणि 'ड्रीमिंग' अवघड, मला अर्धवट वाटतं. वेडेपणा दोन्हींत सारखाच आहे. फरक आहे तो ठेक्याचा, आणि त्याच्या मागे स्टुडिओच्या घड्याळाचा.

१९८२ साली ती कुठे उभी होती ते पाहा. १९७८ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी 'वदरिंग हाइट्स' पहिल्या क्रमांकावर. एखाद्या स्त्रीने स्वतः लिहून स्वतः गायलेलं गाणं ब्रिटनमध्ये तिथवर पोचण्याची ती पहिलीच वेळ. १९८० चा 'नेव्हर फॉर एव्हर' अल्बमच्या यादीत अव्वल, आणि हेही कुठल्याच ब्रिटिश गायिकेला तोवर एकटीच्या नावावर जमलेलं नव्हतं. एवढी पत जमल्यावर तिने ठरवलं की पुढचा अल्बम संपूर्ण आपणच प्रोड्यूस करायचा, जोडीला कोणी नको.

तोवर तिच्या हाती फेअरलाइट आलं होतं. सिडनीत बनलेलं हे कॉम्प्युटर-वाद्य. कुठलाही आवाज त्यात भरा, काच फुटल्याचा म्हणा की दार आपटल्याचा, आणि पट्ट्यांवर तो सुरात वाजवा. ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएलच्या अल्बमवर गाताना तिने ते पाहिलं आणि झपाटली. पियानोवर बसून लिहिणारी बाई आता आवाजच शोधायला लागली. 'द ड्रीमिंग' टाउनहाउस, ॲबी रोड, ओडिसी, ॲडव्हिजन अशा लंडनच्या स्टुडिओंमध्ये फिरत फिरत झाला. इंजिनियर बदलत गेले, कामाला वर्षाहून जास्त गेलं. भाड्याच्या स्टुडिओत मीटर चालूच असतो. प्रत्येक कल्पना आत्ताच, याच गाण्यात बसवली पाहिजे अशी घाई त्या रेकॉर्डमध्ये ऐकू येते. मला तरी येते.

अल्बम ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, म्हणजे आपटला असं कोणी म्हणू नये. पण गाण्यांचं काय झालं ते बघा. 'सॅट इन युअर लॅप' हे वर्षभर आधी आलेलं सिंगल अकराव्या क्रमांकावर होतं. शीर्षकगीत ४८ वर अडकलं. 'देअर गोज अ टेनर' पहिल्या पंचाहत्तरातसुद्धा शिरलं नाही. समीक्षक दुभंगले: कोणाला झेप दिसली, कोणाला नुसता गोंगाट. पुढे तिने स्वतःच हसत म्हटलं होतं की लोकांनी मला वेड लागलंय असं ठरवलं तो हाच अल्बम.

लोकांचं अगदीच चुकलं असंही नाही. शेवटचं 'गेट आउट ऑफ माय हाउस' घ्या. एक बाई स्वतःच घर झाली आहे आणि आत शिरू पाहणाऱ्याला हाकलते आहे. ड्रम दारावर धक्के मारावेत तसे पडतात, ती घसा खरवडून ओरडते. तो माणूस रूप बदलत येतो, तीही रूप बदलत निसटते, आणि शेवटी ती चक्क गाढवासारखी रेकते. पलीकडून इंजिनियर पॉल हार्डिमन तसंच उत्तर देतो. त्यावर कळस म्हणजे ही मारामारी विरत असताना मागून तोंडाने म्हटलेले तालाचे बोल ऐकू येतात, तबल्याची पढंतच जणू. श्रेयनामावलीत 'ड्रम टॉक' म्हणून इस्माईल शेख हे नाव आहे. आपल्या कानांना ओळखीची ही एक गोष्ट नेमकी अल्बमच्या सर्वांत बिथरलेल्या जागी भेटावी, याची मला अजून गंमत वाटते.

बाकी विषयही काही साधे नाहीत. 'पुल आउट द पिन'मध्ये व्हिएतनामचं युद्ध आहे, पण व्हिएतनामी सैनिकाच्या डोळ्यांनी. 'हुडिनी'त जादूगाराची बायको चुंबन घेताना त्याला तोंडातून किल्ली देते. मुखपृष्ठावरचा फोटो हाच. या गाण्यासाठी आवाज खरखरीत व्हावा म्हणून तिने दूध आणि चॉकलेट चापलं होतं. 'नाइट ऑफ द स्वॉलो'मध्ये अचानक आयरिश पाइप्स उसळतात. 'ऑल द लव्ह'च्या शेवटी तिच्या बिघडलेल्या आन्सरिंग मशीनवर उरलेले लोकांचे निरोपाचे शब्द आहेत, एकामागून एक. दहा गाणी, त्रेचाळीस मिनिटं, आणि प्रत्येक गाण्याचे कायदे वेगळे. एका गाण्यात कान जरा रुळतात तोवर पुढचं सुरू.

'हाउंड्स'च्या वेळी तिने मीटरच बंद केला. लंडनच्या कडेला वेलिंगमध्ये आईवडिलांच्या जुन्या फार्महाउसमागच्या कोठारात स्वतःचा स्टुडिओ बांधला. आता तासाचं भाडं नाही, दुसऱ्या बँडसाठी जागा रिकामी करायची नाही, कंपनीचा माणूस डोकावणार नाही. त्याहून महत्त्वाचा बदल माझ्या मते दुसराच. साधारणपणे डेमो करतात आणि मग स्टुडिओत गाणं पहिल्यापासून पुन्हा वाजवतात. तिने डेमो फेकले नाहीत. तेच मोठ्या टेपवर उतरवून घेतले आणि त्यांच्यावरच पुढचे थर चढवले. पहिल्या वेळची ऊब तशीच राहिली. 'रनिंग अप दॅट हिल' ऐकताना हे कळतं: तिचा बासवादक डेल पामर याने लिनड्रम या ड्रम मशीनवर बांधलेला घोड्याच्या दौडीसारखा ठेका सुरुवातीपासून शेवटपर्यंत ढळत नाही. त्यावर फेअरलाइटमधल्या चेलोची ती घुसमटलेली धून. बाकी सगळं नंतर आलं.

'ड्रीमिंग'मध्ये समेवर कधी येणार हे आपण शोधत राहतो. 'हाउंड्स'मध्ये सम कायम हाताशी असते, म्हणून तिच्यावर काहीही लादता येतं. आणि लादलेलं काही कमी नाही. शीर्षकगीताची सुरुवात १९५७ च्या एका भयपटातल्या संवादाने होते. 'क्लाउडबस्टिंग' हे पाऊस पाडायचं यंत्र बांधणाऱ्या विल्हेल्म राइखबद्दल आहे, त्याच्या मुलाच्या आठवणींतून. त्याचा शेवट नीट जमेना म्हणून वाफेच्या इंजिनाचा आवाज टाकून तो झाकला, हे तिनेच सांगितलंय. ऐकणाऱ्याला ती युक्ती वाटत नाही, गाडी खरंच निघाली असं वाटतं.

पहिल्या बाजूला पाच गाणी, चार सिंगल. रेकॉर्ड कंपनी ईएमआयला आणखी काय हवं? हो, एक हवं होतं: 'अ डील विथ गॉड' हे मूळ नाव धार्मिक देशांत चालणार नाही अशी धास्ती होती, म्हणून ते कंसात गेलं. अल्बम आला तो थेट पहिल्या क्रमांकावर, मॅडोनाच्या 'लाइक अ व्हर्जिन'ला खाली उतरवून.

पण खरी जोखीम दुसऱ्या बाजूला आहे, आणि मालिका पाहून आलेले लोक इथे पोचतच नाहीत. 'द नाइन्थ वेव्ह' ही सात गाण्यांची सलग सुमारे सव्वीस मिनिटांची मालिका. रात्रीच्या समुद्रात एक बाई एकटी तरंगते आहे, लाइफ जॅकेटवरचा छोटा दिवा लुकलुकतोय, झोपली तर संपली. 'वेकिंग द विच'मध्ये तिला उठवणारे कितीतरी आवाज येतात, मग गाणं फाटतं. तिचा आवाज तुकडे तुकडे होऊन अडखळतो आणि समोर चेटकिणीचा खटला सुरू होतो. हे 'गेट आउट ऑफ माय हाउस'इतकंच भेसूर आहे. पुढच्या गाण्यात ती भुतासारखी घरी जाते, घरचा माणूस वाट बघतोय, त्याला ती दिसत नाही. त्यानंतर आयरिश 'जिग ऑफ लाइफ', ज्यात तिचंच म्हातारपण येऊन तिला जगायला बजावतं. 'हेलो अर्थ'च्या मध्यात सगळं थांबतं आणि एका जॉर्जियन लोकगीताचा पुरुष कोरस येतो. तिथे अंगावर काटा येतो, दरवेळी. २०१४ मध्ये तिने लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये बावीस रात्री कार्यक्रम केले, तेव्हा ही अख्खी बाजू रंगमंचावर उभी केली. 'द ड्रीमिंग'मधलं एकही गाणं त्यात नव्हतं.

तेव्हा निवड तुमच्या कानांवर आहे. ठेका धरून ठेवणारं गाणं आवडत असेल, किंवा अल्बम म्हणजे एक सलग गोष्ट असावी असं वाटत असेल, तर 'हाउंड्स'. फक्त शफल बंद करा, आणि दुसरी बाजू हेडफोन लावून, मध्ये फोन न बघता ऐका. पहिली बाजू कामं करता करताही चालते. तुम्ही मुळात प्रयोगशील संगीत ऐकणारे असाल, गायकीपेक्षा आवाजाची रचना तुम्हाला ओढत असेल, तर 'हाउंड्स'वर थांबायची गरज नाही, सरळ १९८२ ला जा. 'हाउंड्स' आवडून पहिली बाजूच पुन्हा पुन्हा लावत असाल, तर मात्र 'ड्रीमिंग'ची घाई नको. तो तुम्हाला बहुधा चिडवेल.

आणि 'ड्रीमिंग' घ्यायचाच ठरला, तर क्रमाने सुरुवात करू नका असं मी सांगेन, मग त्याच्या भक्तांना राग येवो. 'सॅट इन युअर लॅप' पहिल्याच मिनिटाला अंगावर येतं आणि 'देअर गोज अ टेनर'ची लंडनच्या कॉकनी बोलीतली दरोडेखोरी पहिल्या खेपेला पोरकट वाटते. 'सस्पेंडेड इन गॅफा'पासून शिरा, त्याच्या झोक्यात कान लगेच बसतात. मग 'नाइट ऑफ द स्वॉलो', मग 'हुडिनी'. शेवटचं गाणं त्याच दिवशी ऐकलं नाही तरी चालेल.