पट्टीसाठी घ्या, भांड्यासाठी नको

खुर्चीच्या पाठीची कमान मी आजवर दोन पद्धतींनी करत आलो. एक म्हणजे रुंद फळीवर आकार आखून करवतीनं कापायचा. दिसते छान, पण वळणावर लाकडाचे रेषे आडवे तुटतात, आणि रेलणाऱ्याचा भार पडतो तोही नेमका तिथेच. माझी पहिली कमान अशीच, पाहुणा बसलेला असताना, कडकन गेली. दुसरी पद्धत, पातळ पट्ट्यांना सरस लावून साच्यावर आवळायच्या. भक्कम होते, पण थरांच्या त्या रेघा मला खुपतात. म्हणून शेवटी लाकूड वाफवून वाकवायचा हा तयार संच मागवला: वाफेचं भांडं, नळी आणि दोन्ही टोकांना ठोकळे असलेली स्टीलची पट्टी. लाकूड ठेवायची पेटी आपली आपण करायची.

भांड्याचं कौतुक नको. पाणी उकळतं, वाफ होते, झालं. दर २५ मिमी जाडीला साधारण तासभर वाफ द्यायची असा ठोकताळा आहे. माझ्या २२ मिमीच्या दांड्याला पाणी पुरलं. जाड दांड्याच्या वेळी मध्येच ओतावं लागलं आणि वाफ पार बसली. नळीही आखूड.

पट्टी मात्र फार विचार करून केलेली आहे. वाफवलेलं लाकूड दाबलं की बरंच आखडतं, पण ताणलं तर शेकडा एक-दोनच वाढतं. म्हणून वाकवताना ते बाहेरच्या अंगानं फाटतं. पट्टी बाहेरून बसते, ठोकळे टोकं धरून ठेवतात, ताण स्टील सोसतं आणि लाकडाला फक्त दबायचं काम उरतं. एकोणिसाव्या शतकात खुर्च्या बनवणाऱ्या मिखाएल थोनेटनं बीच झाडाच्या लाकडाचे दांडे याच युक्तीनं वळवले. १८५९ सालची त्याची १४ नंबरची खुर्ची अवघ्या सहा लाकडी भागांची. पट्टीशिवाय मी अ‍ॅश झाडाच्या लाकडाचे तीन दांडे वाकवून पाहिले, दोन फाटले. पट्टी लावून पाच केले, एकही फाटला नाही. एकाला आतून सुरकुत्या पडल्या, कारण ठोकळा आवळणारा बोल्ट मी वेळेत सैल केला नाही आणि लाकूड प्रमाणाबाहेर दाबलं गेलं.

तो बोल्ट हीच खरी कटकट. लाकूड पेटीतून काढल्यावर हातात मिनिटभरही नसतं, आणि दोन्ही हात वाकवण्यात गुंतलेले. पाना धरायला बायकोला उभं केलं. तिनं पहिल्यांदा उलटा फिरवला, ते असो.

सोबतच्या कागदावर लाकडाबद्दल चकार शब्द नाही. मी आधी भट्टीत वाळवलेला दांडा घातला. तो वाकायलाच तयार नव्हता. हवेवर वाळलेलं, सरळ रेष्यांचं, बिनगाठीचं लाकूड हवं. ओकच्या लाकडाला तर उघड्या स्टीलचे काळे-निळे डाग पडले, तेव्हापासून मधे अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा घालतो.

आठवड्यानं साच्यातून काढलेली कमान दोन बोटं उघडली. आता साचाच जरा जास्त वळवून करतो.

पाचपैकी साडेतीन. वाफेची सोय आधीच असेल, तर नुसती पट्टी देतात का ते विचारून घ्या. मला सुचलं नाही.