मोत माऊलीबाहेरचे मेणाचे स्टॉल: काय घ्यावं, कसं न्यावं

बांद्र्याला मोत माऊलीच्या, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या, बॅसिलिकेबाहेर (माउंट मेरी चर्चबाहेर) मेणाचे जे स्टॉल लागतात, तिथे माणसाची सगळी काळजी साच्यातून काढून मांडलेली असते. हात, पाय, डोळ्यांची जोडी, हृदय, पोट, अख्खा पुरुष, अख्खी बाई, बाळ, घर, विमान. जिथे दुखतं तो अवयव, जे हवं ती वस्तू घ्यायची आणि मरियेपुढे ठेवायची. माहीमला सेंट मायकल चर्चबाहेर बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे तिथल्या खास प्रार्थनेला, हाच प्रकार दिसतो. घेणारे नुसते ख्रिस्ती नसतात, हे मुंबईकराला सांगायला नको. मालाला पाचपैकी चार तारे सहज द्यावेत. काही ठिकाणी मालासोबत जे बोललं जातं त्याला एकही नाही, पण त्याविषयी पुढे.

आधी माल. हे मेण बहुतेक पॅराफिनचं. ते साधारण 50 ते 65 अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्या बरंच आधी, चाळिशीच्या आसपासच, मऊ पडायला लागतं. म्हणून उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला पाय संध्याकाळी गुडघा नसलेल्या ठिकाणी वाकलेला सापडतो. आकृती पोकळ असेल तर ती हलकी आणि ठिसूळ असते: साच्यात गरम मेण ओतायचं, कडेला थर धरला की मधलं परत काढून घ्यायचं. हा थर सगळीकडे सारखा बसत नाही. बोटं, नाक आणि साच्याच्या दोन भागांचा जोड ही कच्ची ठिकाणं. घेताना उजेडासमोर धरून पाहा, जिथून जास्त उजेड येतो तिथे मेण पातळ आहे. बाळाची आकृती घेताना मान जरूर बघा, ती सगळ्यात आधी तुटते आणि घरच्यांच्या मनाला उगाच लागतं. एक स्पष्ट सांगतो: तुटलेली आकृती म्हणजे अपशकुन नव्हे. मेण पातळ होतं, एवढंच.

उंच मेणबत्ती हवी असेल तर वात तपासा. वात बारीक असली की वितळलेल्या मेणात बुडून विझते, जाड असली की काजळी धरते. पेटवण्याआधी वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून बाकीची कापा. लांब मेणबत्ती हातात आडवी धरून डोंगर चढू नका, मधोमध तडा जातो. वर्तमानपत्रात गुंडाळून, आत एक पट्टी घालून उभी न्या. मोत माऊलीची जत्रा 8 सप्टेंबरच्या, मरियेच्या जन्मदिनाच्या सणानंतरच्या रविवारपासून आठवडाभर चालते, म्हणजे पाऊस असतोच. मेणाला पाण्याचं काही होत नाही, पण ओली वात तडतडते आणि धरत नाही. तेव्हा प्लॅस्टिकची पिशवी वातीच्या टोकाला बांधा.

आता त्या बोलण्याविषयी. ‘हा ठेवा, हमखास गुण येतो’ असं जिथे ऐकू येईल तिथून पुढच्या स्टॉलवर जा. मेण खरं आहे, हमी खोटी आहे. चमत्कार हा शब्द चर्च स्वतः इतका स्वस्त वापरत नाही. फ्रान्समधल्या लूर्दला 1858 पासून लोक बरं व्हायला जातात, तिथे डॉक्टरांची तपासणी असते आणि 2018 पर्यंत चर्चने अधिकृतपणे मान्य केलेले चमत्कार होते फक्त 70. आजार गंभीर हवा, बरं होणं अचानक आणि पूर्ण हवं, ते टिकायला हवं, आणि औषधाने झालेलं नसावं, या कसोट्या अठराव्या शतकापासून लावल्या जातात.

मग मेणाचा पाय कशासाठी? योहानाच्या शुभवर्तमानात काना गावचं लग्न आहे. द्राक्षारस संपतो तेव्हा मरिया येशूला एवढंच सांगते की यांच्याकडे द्राक्षारस उरलेला नाही. काय करायचं ते ती सांगत नाही, बदल्यात काही देऊ करत नाही. मेणाचा पाय हे असंच सांगणं आहे: इथे दुखतंय. शब्द सुचत नाहीत त्याच्यासाठी तर तो फारच उपयोगाचा. किंमत म्हणून ठेवला की मात्र त्याचा अर्थ बिघडतो.

‘तुमचा विश्वास कमी पडला’ हे वाक्यही या रस्त्यावर ऐकू येतं. आजारी माणसाला याहून क्रूर काही बोलता येणार नाही. नासरेथला येशूला फारशी महत्कृत्यं करता आली नाहीत आणि लोकांच्या अविश्वासाचं त्याला आश्चर्य वाटलं, असं मार्क आपल्या शुभवर्तमानात सांगतो, हे खरं. पण त्याच मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप म्हणतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत करा. एवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर मुलगा बरा होतो. बेथेस्दाच्या तळ्याकाठी 38 वर्षं आजारी असलेल्या माणसाला येशूने बरं केलं, त्याला तर बरं करणारा कोण हेसुद्धा ठाऊक नव्हतं. उलट येशूचा प्रेषित पौल याने देहातला काटा, म्हणजे आपला सततचा त्रास, जावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि तो गेला नाही. पौलाचा विश्वास तोकडा होता असं कोण म्हणेल? म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवा. गोळी बंद करून देवाची वाट पाहणं म्हणजे त्याची परीक्षा घेणं, आणि ती घेऊ नये असं येशूने सैतानाला स्पष्ट सांगितलं आहे.

वर पोचल्यावर मेणबत्ती बाहेरच्या ठरलेल्या स्टँडवरच लावा, आणि उंच असेल तर कडेला. मधोमध शेजारच्या ज्योतींच्या आचेने ती बाजूने मऊ होते आणि पेटती दुसऱ्यांवर कलंडते. आकृती कुठे ठेवायची ते तिथल्या स्वयंसेवकाला विचारा. नंतर हे मेण वितळवून पुन्हा वापरात येतं. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, आपलं सांगणं पोचवून झाल्यावर मेणाचं काम संपलेलं असतं.

बरं वाटल्यावर पुन्हा जायचं असेल तर जत्रा सोडून एखाद्या साध्या दिवशी सकाळी जा, निवडायला वेळ मिळतो. दहा कुष्ठरोगी बरे झाले त्यातला एकच आभार मानायला परतला, आणि तोही परका शोमरोनी. आभारासाठी स्टॉलवर वेगळी आकृती नसते. दुखऱ्या पायासाठी जो पाय, तोच बऱ्या झालेल्या पायासाठी. या वेळी हवा तर भरीव आहे का विचारा, नसला तर पोकळही चालेल.