वांग, मुरमांचे डाग आणि सांगलीचं ऊन: व्हिटॅमिन सी कोणतं घ्यावं?

मार्च-एप्रिलात द्राक्षाचा हंगाम उरकला की तासगावकडच्या बायका आमच्या मेडिकलवर येतात. चार महिने उन्हात काढलेले असतात. पदर जरा बाजूला करून गालावरचा वांग दाखवतात आणि विचारतात, "ताई, ते व्हिटॅमिन सीचं सीरम लावलं तर हे जाईल का ओ?" त्याच संध्याकाळी विश्रामबागेतली कॉलेजची मुलगी येते, तिला मुरमांचे डाग घालवायचे असतात. तीही व्हिटॅमिन सीच मागते. दोघींना मी एकच बाटली देत नाही. का देत नाही, ते इथं नीट सांगते.

आधी हे लावून होतं काय, ते बघू. त्वचेचा रंग ज्यानं गडद होतो ते मेलॅनिन तयार व्हायला टायरोसिनेज नावाचं एंझाइम लागतं. व्हिटॅमिन सी त्याला आवर घालतं, म्हणून डाग हळूहळू फिकट होतात. त्वचेला घट्टपणा देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाचे धागे घट्ट विणायलाही हेच जीवनसत्त्व लागतं. आहारात ते फार कमी पडलं की स्कर्व्ही नावाच्या आजारात हिरड्या सुजून रक्त येतं, ते या विणीतच खोट आल्यामुळं. तिसरा फायदा उन्हाचा. सनस्क्रीनमधून निसटलेलं ऊन त्वचेत जे फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे कण, तयार करतं, त्यातले बरेच हे निकामी करतं. म्हणून ते सकाळी, सनस्क्रीनच्या आत लावायचं. सनस्क्रीनऐवजी लावून भागत नाही.

शुद्ध की स्थिर?

खरी निवड इथं आहे. बाटलीवर 'एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड' लिहिलं असेल तर ते शुद्ध रूप. सर्वांत जास्त अभ्यास याच रूपावर झालाय. पण ते पाण्यात विरघळणारं, आणि त्वचेचा वरचा थर अशा पदार्थाला सहजासहजी आत घेत नाही. द्रावणाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ३.५ च्या खाली असला तरच ते आत शिरतं. म्हणून चांगलं शुद्ध सीरम आंबट असतं आणि लावल्यावर चुणचुणतं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, डुकरांच्या त्वचेवरच्या प्रयोगात २० टक्क्यांपर्यंत शोषण वाढत गेलं, त्यापुढं वाढलं नाही. त्यामुळं '३० टक्के' लिहिलेल्या बाटलीला जास्त पैसे मोजायचं कारण नाही. १० ते १५ टक्के पुष्कळ झालं. त्याच प्रयोगात त्वचेत साठलेलं सी निम्म्यावर यायला साधारण चार दिवस लागले. तेव्हा लग्नाकार्यात एखादा दिवस राहिला तर काही बिघडत नाही.

शुद्ध रूपाची मोठी अडचण म्हणजे ते टिकत नाही. हवा, उजेड आणि उष्णता लागली की ते ऑक्सिडाइझ होतं. पाण्यासारखं किंवा फिकट पिवळं असलेलं द्रावण आधी केशरी आणि मग तपकिरी होतं. एका एप्रिलात माझी स्वतःची बाटली आरशापुढं खिडकीत राहिली, तर पाच-सहा आठवड्यांत चहासारखी झाली. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याच्या घरात तर दुपारी भट्टीच असते. अशा घरात शुद्ध सीरम फ्रीजशिवाय ठेवूच नये. गडद काचेची बाटली किंवा हवा आत न जाऊ देणारा पंप बघून घ्या आणि उघडल्यापासून तीनेक महिन्यांत संपवा. तपकिरी झालेलं वापरू नका. त्याचा गुण गेलेला असतो, आणि ते खाजही आणू शकतं.

याच शुद्ध रूपाबरोबर व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक ॲसिड घातलेली सीरमं मिळतात. १५ टक्के सी, १ टक्का ई आणि अर्धा टक्का फेरुलिक ॲसिड हा मेळ २००५ मध्ये तपासला गेला, तेव्हा फेरुलिक नसलेल्या मेळापेक्षा उन्हापासून मिळणारं संरक्षण दुप्पट झालं आणि द्रावणही जास्त टिकलं. परवडत असेल तर शुद्धमध्ये मी हेच घ्यायला सांगते.

आता दुसरी बाजू. सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट, मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट, ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड, इथाइल ॲस्कॉर्बिक ॲसिड ही लांबलचक नावं म्हणजे व्हिटॅमिन सीची स्थिर रूपं. ती आंबट लागत नाहीत, चुणचुणत नाहीत, उन्हाळ्यातही बऱ्यापैकी टिकतात. मात्र त्वचेत गेल्यावर त्यांचं आधी सीमध्ये रूपांतर व्हावं लागतं. ते किती होतं याचा पुरावा शुद्ध रूपाइतका भक्कम नाही, आणि गुणही सावकाश दिसतो. तरी मुरूम येणाऱ्या त्वचेला सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट चांगलं मानवतं, पाच टक्क्यांच्या लोशनचा मुरमांवर अभ्यासही झालाय. कॉलेजच्या त्या मुलीला मी हेच देते.

मग तासगावच्या वांगवाल्या वहिनींना काय? खरं सांगायचं तर त्यांना मी पहिल्यांदा व्हिटॅमिन सी देतच नाही. नायसिनामाइड देते, चार-पाच टक्क्यांचं. ते व्हिटॅमिन बी३ चं रूप. मेलॅनिन तयार झालं तरी ते वरच्या पेशींपर्यंत पोचू देण्यात ते अडथळा आणतं. ते स्वस्त आहे, आंबट नाही, कपाटात ठेवलं तरी खराब होत नाही आणि रापलेल्या, कोरड्या त्वचेला सोसतं. पहाटे पाचला रानात निघणाऱ्या बाईला फ्रीज, गडद बाटली, तीन महिन्यांची मुदत असा पसारा सांगण्यात अर्थ नसतो. सी आणि नायसिनामाइड एकत्र लावू नयेत असं अजून पुष्कळजण सांगतात, पण घरगुती वापरात त्या भीतीला आधार नाही. पुढंमागं सी घ्यावंसं वाटलं तर जोडीला घ्या.

लिंबू आणि हळद

हा विषय मी घाईनं उरकणार नाही, कारण याचे भोग मी काउंटरवर बघितलेत. लिंबात सी आहे म्हणून ते गालावर चोळतात. हिशोब करा. शंभर ग्रॅम लिंबाच्या रसात सी असतं साधारण ४०-५० मिलिग्रॅम. १५ टक्के सीरमच्या शंभर मिलीत ते १५ ग्रॅम असतं. म्हणजे लिंबात त्याचा तीनशेवा हिस्सा, आणि वर पाच-सहा टक्के सायट्रिक ॲसिड, जे त्वचा जाळतं. शिवाय लिंबाच्या सालीत फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती लागलेल्या जागी ऊन पडलं की फोड येतात आणि मागं काळा डाग राहतो, तो महिनोन्महिने जात नाही. डाग घालवायला गेलेल्या बाईला नवा डाग मिळतो. कृपा करून लिंबू चेहऱ्यावर चोळू नका.

हळदीचं तसं नाही. राजापुरी हळदीच्या गावात राहून हळदीला नावं कोण ठेवेल! उटण्यात ती खुशाल वापरा. पण तिच्यात त्वचेला पुरेल असं सी नाही आणि वांग तिनं जात नाही. आवळा आणि पेरू जरूर खा, शरीराला सी तिथूनच मिळायला हवं. मात्र एका मर्यादेपलीकडं शरीर जादाचं सी लघवीवाटे टाकून देतं, त्यामुळं गोळ्या दुप्पट खाल्ल्यानं गाल उजळत नाहीत.

पैसे कमी असतील तर

भारतीय कंपन्यांची ३० मिलीची बरी सीरमं पाचशे-सातशेच्या आसपास मिळतात. हाताशी तेवढेच पैसे असतील तर आधी एसपीएफ ३० किंवा त्यावरचं सनस्क्रीन घ्या. दोन बोटांवर दोन रेघा काढून होईल तेवढं लावा, रानात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वांग डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडानंही गडद होतो, म्हणून वांगासाठी त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन जास्त उपयोगी. वर स्कार्फ आणि रुंद काठाची टोपी. एवढं न करता लावलेलं कुठलंही सीरम पाण्यात जातं.

शेजारणीनं दिलेली 'आठ दिवसांत गोरं करणारी' ट्यूब मात्र लावू नका. तशा पुष्कळ ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा खुलतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, बारीक केस आणि पुटकुळ्या येतात आणि ट्यूब सोडली की आग होते. अशी ट्यूब आधीच लावत असाल तर त्यावर व्हिटॅमिन सी चालू करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

नवीन बाटली घेतल्यावर तीन दिवस कानामागं लावून बघा. त्रास नसेल तर सकाळी कोरड्या चेहऱ्यावर चार थेंब, मग मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. तीन महिने नेमानं लावूनही वांग तसाच असेल तर बाटली बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञ गाठा. सांगली-मिरजेत त्यांची वानवा नाही. जाताना आजवर चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि बाटल्या पिशवीत घालून न्या.