तयार सॉफ्टवेअर घ्यायचं की बनवून घ्यायचं, आणि सांभाळायला माणूस नसेल तर?

आमचा गोव्यात डिचोलीला काजूचा छोटा कारखाना आणि म्हापशात दुकान, दोन्ही प्रकार वापरून हात पोळलेत म्हणून लिहितोय. किंमत, फीचर्स नंतर बघा, तीन वर्षांनी ते उघडून दुरुस्त कोण करणार हे आधी बघा. फर्मागुडीच्या कॉलेजातून इंजिनिअर निघतात की दरवर्षी, पण बरेचसे पुण्या-बंगळुरूला जातात, राहतात त्यातल्या कितीतरी जणांचा डोळा सरकारी नोकरीच्या जाहिरातीवर, आणि आपला पगार बघून कोण थांबणार, त्यांचंही चुकत नाही म्हणा.

आम्ही एका पोराकडून बिलिंग बनवून घेतलेलं, मस्त चालायचं. तो गेला बंगळुरूला. 2025 च्या घटस्थापनेला, म्हणजे 22 सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले, पाकीटबंद फरसाण 12 वरून 5 टक्क्यांवर आलं, आणि आमच्या बिलात 12 थेट कोडमध्येच लिहिलेलं. काउंटरवर गिऱ्हाईक उभं आणि मी पोराला फोन लावतोय, सर्व्हरचा पासवर्ड पण त्याच्याच मेलवर. चार दिवस हाताने बिलं फाडली. शेजारच्या दुकानात टॅली, म्हणजे हिशेबाचं तयार सॉफ्टवेअर, त्याने त्यातल्या मालाच्या यादीत (मास्टरमध्ये) दर बदलला, झालं. शिवाय टॅली येणारा अकाउंटंट गोव्यात कुठेही मिळतो, आज हा गेला तर उद्या दुसरा.

मग तयारच घ्यायचं? हिशेब, बिलिंग, पगार यासाठी हो, डोळे झाकून. पण कारखान्यात गाडी अडते. एका लॉटमधून डब्ल्यू-240 किती निघाला, 320 किती (ही अख्ख्या काजूची आकाराप्रमाणे नावं), पाकळी किती, तुकडा किती, वर सोलणाऱ्या बायकांची मजुरी किलोवर. टॅलीत कच्च्या मालातून काय बनलं ते नोंदवायला मॅन्युफॅक्चरिंग जर्नल आहे, पण आमच्याकडे दर टप्प्याचं वजन त्यात भरत बसणारा कोणी नाही. सॉफ्टवेअरचा एवढाच भाग बनवून घ्यायला माझी हरकत नाही, फक्त डोमेन, सर्व्हर, कोड सगळं आपल्या नावावर पाहिजे.

मधला रस्ता ईआरपीनेक्स्ट, हिशेब, साठा, उत्पादन सगळं एकत्र सांभाळणारं तयार सॉफ्टवेअर. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं, ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना खुला, पायथन या भाषेत लिहिलेलं, म्हणजे एक गेला तर दुसरा शोधता येतो. फुकट म्हणून स्वतःच्या सर्व्हरवर मात्र टाकू नका, अपडेट आणि बॅकअपला पुन्हा माणूस लागतो, दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवायचे, म्हणजे होस्टिंगचे, पैसे भरा सरळ.

आम्ही सध्या बिलं टॅलीत आणि सोलणीचं वजन वहीत लिहितोय, रात्री मुलगी ते एक्सेलमध्ये चढवते, तिची परीक्षा असली की राहतं.