वीज गेल्यावर घरचा फोन: मिनी यूपीएस, साधा यूपीएस की इन्व्हर्टर?

तांब्याच्या तारेवरची लँडलाइन वीज गेली तरी चालू राहते, कारण फोनला लागणारी वीज घरातून घेतलीच जात नाही. एक्स्चेंजमधील बॅटऱ्या त्याच तारेवरून 48 व्होल्टचा डीसी पुरवठा घरापर्यंत पोहोचवतात. फायबरमधून मात्र प्रकाश येतो, वीज येत नाही. त्यामुळे भिंतीवरच्या ओएनटीला, म्हणजे फायबरमधील प्रकाशाचे फोन आणि इंटरनेटच्या संकेतांत रूपांतर करणाऱ्या पेटीला, आणि राउटर वेगळा असल्यास त्यालाही, घरातल्या सॉकेटमधूनच वीज द्यावी लागते आणि ती खंडित होताच डायल टोन नाहीसा होतो. ज्यांच्याकडे अजून तांब्याची जोडणी आणि वायरचा साधा फोन आहे, त्यांना बॅकअप बॅटरीची गरज नाही. इतरांना मात्र निवड करावी लागते, आणि घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर ती वीज जाण्याआधीच झालेली असावी.

निवडीपूर्वी भार किती आहे ते पाहावे. ओएनटी आणि राउटर एकत्र असलेले उपकरण साधारण 8 ते 15 वॅट घेते. ॲडॉप्टरवर ‘12 व्होल्ट, 2 अँपिअर’ असे लिहिलेले असले तरी ती त्या ॲडॉप्टरची कमाल क्षमता असते, प्रत्यक्ष वापर नव्हे. कॉर्डलेस फोनच्या बेसला स्वतःचा वेगळा ॲडॉप्टर लागतो, म्हणजे बॅकअप द्यायचे आणखी एक उपकरण वाढते. ओएनटीच्या फोन पोर्टला थेट जोडलेल्या वायरच्या साध्या फोनला लाइनवरचा व्होल्टेज ओएनटीच पुरवते, म्हणून मोठी बॅटरी घेण्याआधी असा एक फोन घरात आणून ठेवणे हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे. पुढील हिशेबासाठी भार 10 वॅट धरला आहे.

मिनी यूपीएस म्हणजे ॲडॉप्टर आणि ओएनटी यांच्यामध्ये बसणारी लिथियम बॅटरीची छोटी पेटी. ती डीसी वीज डीसी स्वरूपातच पुढे देत असल्यामुळे रूपांतरात फारसे नुकसान होत नाही, आणि वीज गेल्यावर उपकरण बंद पडून पुन्हा सुरू होण्याची वेळ सहसा येत नाही. येथे फसगत होते ती क्षमतेच्या आकड्यात. पेटीवर ‘10,000 एमएएच’ असे लिहिलेले असते, पण हा आकडा बहुधा आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टवर मोजलेला असतो, 12 व्होल्टवर नव्हे. त्यामुळे खरी साठवण 120 वॅट-तास नसून 37 वॅट-तास असते, आणि हातात येणारे सुमारे 30 वॅट-तास 10 वॅटच्या भाराला तीन तास पुरतात. म्हणून खरेदी करताना एमएएच न पाहता वॅट-तासांचा आकडा मागावा. काही स्वस्त मॉडेलमध्ये बॅटरी उतरत जाईल तसा आउटपुट व्होल्टेजही 12 च्या बराच खाली घसरतो आणि क्षमता शिल्लक असतानाच ओएनटी पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागते. तेव्हा आउटपुट स्थिर 12 व्होल्टचा आहे ना, आणि पिनचा आकार व ध्रुवता (धन-ऋण टोके) जुळते ना, याची खात्री करूनच घ्यावे.

संगणकासाठी वापरला जाणारा साधा यूपीएस सहज मिळतो आणि त्याला कोणताही ॲडॉप्टर लावता येतो, कॉर्डलेसचा बेससुद्धा. परंतु तो बॅटरीतील 12 व्होल्ट डीसीचे एसी करतो आणि ॲडॉप्टर त्याचे पुन्हा डीसी करतो, शिवाय आतला इन्व्हर्टर भार कितीही कमी असला तरी स्वतःसाठी काही वॅट खातच राहतो. छोट्या यूपीएसमध्ये बहुधा 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवर क्षमतेची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. कागदावर तिची साठवण 84 वॅट-तास, म्हणजे आपल्या भाराला आठ तास. प्रत्यक्षात मात्र त्याच्या निम्म्याचीच अपेक्षा धरावी. यूपीएसवरील 600 व्हीए हा आकडा तो एका वेळी किती भार उचलू शकतो हे सांगतो, किती वेळ उचलेल हे सांगत नाही. ही बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते आणि उष्ण जागेत त्याहून लवकर संपते, त्यामुळे यूपीएस बंद कपाटात ठेवू नये.

घरात इन्व्हर्टर आधीच असेल तर केवळ फोनसाठी दुसरे काही घेण्याची घाई नको. 12 व्होल्ट 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीत 1,800 वॅट-तासांची साठवण असते आणि त्यापुढे फोनचा भार नगण्य ठरतो. पण ओएनटीचे सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, हे तपासावे लागते. इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर वीज बदलण्याच्या क्षणभरात ओएनटी रीस्टार्ट होऊन चालू कॉल तुटू शकतो, म्हणून तो यूपीएस मोडवर ठेवावा. तेवढ्याने भागले नाही तर मध्ये एक लहान मिनी यूपीएस लावला की पुरे.

काही सेवांबरोबर डी आकाराच्या अल्कलाइन सेलवर चालणारी पेटी मिळते. ती रोजच्या खंडित पुरवठ्यासाठी निरुपयोगी, कारण सेल एकदाच वापरता येतात. परंतु वर्षातून एखाद्या वादळात दीर्घकाळ वीज जात असेल तर कपाटात ठेवलेले आणि कित्येक वर्षे टिकणारे सेल हा उत्तम राखीव साठा आहे. पॉवर बँकेवरून 12 व्होल्टची केबल लावूनही काम निभावते, पण ती वीज गेल्यावर हाताने जोडावी लागते. घरातला माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर त्याच्यासाठी हा पर्याय मी मोजणारच नाही.

वीज दोन-तीन तासांपलीकडे क्वचितच जात असेल तर मिनी यूपीएस आणि वायरचा फोन ही जोडी मी निःशंकपणे सुचवीन. पाच-सहा तासांसाठी तशाच पण 60 ते 80 वॅट-तासांच्या डीसी पेटीकडे वळावे, शक्यतो लिथियम आयर्न फॉस्फेट सेलच्या, कारण त्या लेड-ॲसिडपेक्षा कितीतरी अधिक वेळा चार्ज-डिस्चार्ज सोसतात. कॉर्डलेस सोडणे शक्यच नसेल तरच साधा यूपीएस घ्यावा.

घरातली बॅटरी कितीही मोठी असली तरी तारेच्या दुसऱ्या टोकालाही वीज असावी लागते. फायबरच्या पॉन (पॅसिव्ह ऑप्टिकल नेटवर्क) जाळ्यात एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांना वाटणारे वाटेतले स्प्लिटर विजेशिवाय चालतात, त्यामुळे प्रश्न फक्त एक्स्चेंजच्या किंवा पुरवठादाराच्या उपकरणाच्या बॅकअपचा उरतो. कोॲक्सियल केबलच्या जाळ्यात मात्र रस्त्यावरच्या ॲम्प्लिफायरनाही वीज लागते, आणि सिमकार्डवर चालणारा घरगुती फोन मोबाइल टॉवरच्या बॅटरीवर अवलंबून असतो. म्हणून खरेदीआधी पुरवठादाराला त्यांच्या बाजूचा बॅकअप किती तासांचा आहे ते स्पष्ट विचारावे. तो दोन तासांचाच असेल तर घरात आठ तासांची बॅटरी घेऊन उपयोग नाही.